रात्रपाळीचं दार

लकडगंजात शिरलं, की आधी कानावर येतो तो आरामशीनचा आवाज. मशीनवर पुरुष, गादीवर पुरुष. याच नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीत बायकांना काम मिळे, ते मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. मुंबईच्या गिरण्यांत त्यांच्यावर देखरेख करणारी 'नायकीण' असे. बाईची बढती तिथेच थांबे.

पुढे बायका इंजिनिअर झाल्या. पुण्याच्या टेल्कोच्या १९७४ च्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि नोकरी मिळवली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण दारातून आत गेल्यावर काय?

१९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती. हेतू संरक्षणाचा, त्यात खोट काढू नये. गंमत मात्र कलम ६४ ची. व्यवस्थापकांना कामाच्या तासांच्या नियमांतून त्यात सूट होती. बाईच्या रात्रबंदीला तेवढी नव्हती, मग ती मॅनेजर का असेना! आणि कारखाना हाती येतो तो पाळीप्रमुख होऊन, रात्री दोनला बंद पडलेली मशीन चालू करून. त्यामुळे बाईच्या वाट्याला गुणवत्ता तपासणी, खरेदी नाहीतर कर्मचारी विभाग.

मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी २००० साली घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने कायदा बदलला २०१५ मध्ये. १९८० ला बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेली इंजिनिअर तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती.