लिलावात उरलेली नाणी : एक डॉलर, दोन नशिबं

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. नाण्यांच्या लिलावात जे लॉट विकले जात नाहीत, ते नंतर ठरलेल्या भावात मिळतात. बोली नाही, घासाघीस नाही, पैसे भरा आणि न्या. मग घ्यावेत का? माझं उत्तर एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट अमेरिकेतली आहे.

१८७८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. नेवाडातल्या खाणींची चांदी कार्सन सिटीच्या टांकसाळीत जायची. तिथल्या नाण्यांवर ‘सीसी’ अशी खूण असते. पण एवढं जड नाणं खिशात कोण बाळगणार? लोकांना नोटा बऱ्या वाटायच्या. म्हणून कोरी नाणी, एका पिशवीत हजार, अशी तिजोरीत पडून राहिली.

आता यात मुंबई कुठून आली? पहिल्या महायुद्धात भारतात चांदीचे रुपये लोकांनी घरात दडवले. १९१८ मध्ये नोटा मोडून रुपये घ्यायला मुंबईत रीघ लागली आणि सरकारकडची चांदी संपत आली. ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. त्या एप्रिलमध्ये पिटमन कायदा झाला आणि २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले. त्यातल्या जवळपास २६ कोटींची चांदी ब्रिटनला विकली, ती भारतासाठी. इथे तिचे रुपये पडले. तुमच्या आजीच्या डब्यात १९१८-१९ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्यात एखाद्या डॉलरची चांदी असू शकते! कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले, याची नोंदच कुणी ठेवली नाही.

वाचले ते पुन्हा अंधारात. मार्च १९६४ मध्ये लोक चांदीचे डॉलर मागायला रांगा लावू लागले, तेव्हा ट्रेझरीने वाटप थांबवलं. मागे राहिलेल्या सुमारे तीस लाख नाण्यांत बहुतेक ‘सीसी’ निघाली. १८८४ साली तिथे ११ लाख ३६ हजार डॉलर पाडले होते. त्यातले ९ लाख ६२ हजार अजून सरकारकडेच होते. ऐंशी वर्षं उलटली, तरी शंभरातली चौऱ्याऐंशी नाणी बाजारात फिरलीच नव्हती.

१९७२ पासून जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने टपालाने बोली मागवल्या. किमान बोली ठरलेली, वर कितीही द्या. १९७४ पर्यंत फेऱ्या चालल्या, तरी नऊ लाखांहून जास्त नाणी उरली. नाणी वाईट होती का? अजिबात नाही. ती फार होती, आणि घेणारे कमी.

मग आलं १९८०. दहा वर्षांपूर्वी औंसाला दोन डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारीत पन्नासच्या जवळ गेली. फेब्रुवारीत खात्याने १८८३ आणि १८८४ ची नाणी ठरलेल्या भावात काढली. दुर्मीळ सालांसाठी मात्र पुन्हा बोलीच ठेवली. आणि २७ मार्चला चांदी अकरा डॉलरच्याही खाली कोसळली! नाणं तेच, काळी पेटी तीच. फरक पडला तो ताप चढलाय की उतरलाय, याचा. ज्यांनी पेटी सांभाळून ठेवली त्यांचं भलं झालं. आज त्या मूळ पेटीतलं नाणं शेकडो डॉलरला जातं. पण त्यासाठी दशकं थांबावं लागलं.

तर मला यातून एवढंच कळतं. लिलावात किंमत घेणारे ठरवतात, नंतरच्या विक्रीत विकणारा ठरवतो. नाणं उरलं म्हणजे ते स्वस्त आहे असं नाही. त्या किमतीला त्या दिवशी कुणी हात वर केला नाही, एवढंच सिद्ध होतं. म्हणून उरलेला लॉट घेण्याआधी मी तीन गोष्टी पाहतो. एक, तो का उरला : अशी नाणी ढिगाने आहेत, दर्जात खोट आहे, की राखीव किंमतच जास्त होती? दोन, ठरलेल्या भावावर कमिशन आणि कर धरून हातात किती पडतंय, आणि तसंच नाणं आधीच्या लिलावांत कितीला गेलं होतं? तीन, आज त्या धातूचा ताप चढलेला तर नाही?

आणि एक कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं तुम्ही स्वतः देशाबाहेर नेऊ किंवा पाठवू शकत नाही. परदेशातल्या मित्राला भेट द्यायचा बेत असेल, तर दुसरं काहीतरी शोधा.

आज इथेच थांबतो. घरातला जुना रुपया काढा, साल बघा, आणि हो, तो घासूनपुसून चकचकीत करू नका! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.