आत टाकलं, पण कशासाठी?

ठाणे, 12 सप्टेंबर 1816

तुरुंगाच्या तटाला हात टेकवलात तेव्हा पाठीमागे कोर्टनाक्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. आता नुसता पाऊस कोसळतोय. तट तोच आहे, किल्ल्याचा. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला. पहाऱ्यावर एकही देशी शिपाई दिसत नाही. फितुरी नको म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने सगळे गोरे ठेवलेत.

आत त्रिंबकजी डेंगळे आहे, दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा गेल्या वर्षी पंढरपुरात खून झाला. संशय त्रिंबकजीवर. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांवर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि इथे डांबलं. खटला नाही, साक्षीपुरावा नाही.

कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने पुढे लिहून ठेवलेली गोष्ट खरी मानली, तर खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार तुम्हाला दिसेल. तो मराठीत गातोय. साथीदार कुठे दबा धरून बसलेत, घोडा कुठे तयार आहे, सगळं त्या गाण्यात आहे. शिपाई ऐकतात आणि जांभया देतात. तुम्हाला मात्र शब्द न् शब्द कळतो आणि छाती धडधडायला लागते.

अंधार पडतो. त्रिंबकजी शौचकूपाकडे जातो आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून पसार होतो. ‘मला कशासाठी धरलंय?’ हे विचारायला त्याला कचेरीच नव्हती. दोन वर्षांनी तो पुन्हा सापडेल आणि 1829 मध्ये चुनारच्या किल्ल्यात मरेल. खटला तोवर उभा राहिलेलाच नसेल.

याच वेळी अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे की कैद्याला न्यायाधीशापुढे आणून अटकेचं कारण तपासता येईल, आणि रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. तिथल्या गुलामांना ते लागू नाही, पण कागदावर आहे.

19 एप्रिल 1910

जागचे हलू नका. आज आत अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी होतेय. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला डिसेंबरात गोळ्या घातल्या, चार महिन्यांच्या आत सगळं आटोपलं. त्रिंबकजीला जे मिळालं नव्हतं ते यांना मिळालं: आरोपपत्र, कोर्ट, निकाल. खटला झाला म्हणजे न्याय झाला असं नव्हे, पण सरकारला चारचौघांत कारण तरी सांगावं लागलं.

वॉशिंग्टन, 1947 ची अखेर

आता तट सोडा. भारताच्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्यासमोर बसलेत. भारताच्या घटनेच्या मसुद्यात अमेरिकेसारखं ‘रीतसर न्यायप्रक्रियेचं’ कलम घालायचं चाललंय. फ्रँकफर्टर नको म्हणतात: त्याने मूठभर न्यायाधीशांना निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे मोडीत काढायची सत्ता मिळते. राव ते मनावर घेतात. मसुद्यात ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ येते. म्हणजे कायदेमंडळ जी पद्धत ठरवेल, ती पुरेशी.

दिल्लीत अनेकांना हे रुचत नाही. 15 सप्टेंबर 1949 ला डॉ. आंबेडकर भरपाई म्हणून नवं कलम मांडतात: अटकेची कारणं सांगायची, वकील करू द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. ते पुढे कलम 22 होतं. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा त्याच कलमात मिळते.

ठाणे, 29 एप्रिल 1976

तुमच्या पिशवीत बेसनाचे लाडू आहेत. डोंबिवलीहून निघालात तेव्हा वहिनींनी बजावलं होतं, “त्यांना निकालाचं सांगू नका हो, उगाच खचतील.” मुलाखतीच्या खोलीत दादा समोर बसतो. शाळामास्तर. दहा महिन्यांपूर्वी पहाटे पोलीस आले, मिसाचा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याचा, हुकूम दाखवला आणि घेऊन गेले. का, ते हुकमात नव्हतं. कारण बंद्यालाही सांगायचं नाही, अशी तरतूद आणीबाणी लागताच वटहुकमाने केलेली. देशभर असे सुमारे पस्तीस हजार मिसाबंदी.

“काल निकाल लागला ना?” दादाच विचारतो. आत सगळं कळतं.

“लागला. नऊ हायकोर्टांनी बंद्यांचे सुटकेचे अर्ज ऐकता येतात म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने फिरवलं. चार विरुद्ध एक.”

“आपले चंद्रचूड?”

“चारांत.”

“आणि तो एक?”

“खन्ना.”

दादा लाडू फोडतो आणि अर्धा शेजारच्या पहारेकऱ्यापुढे धरतो. तो मान फिरवतो. न्यायमूर्ती बेग यांनी निकालपत्रात म्हटलंय की बंद्यांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेतली जाते. तुम्ही हे सांगता तेव्हा दादा एवढ्या मोठ्याने हसतो की मुलाखत तिथेच आटोपते.

लोकल पकडताना फ्रँकफर्टरना दोष द्यावासा वाटेल. थांबा. अमेरिकेच्या घटनेत रीतसर न्यायप्रक्रियेचं ते कलम होतं, तरी दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, आणि 1944 मध्ये कोरेमात्सू खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या धोरणाला मान्यता दिली. फ्रँकफर्टर मान्यता देणाऱ्यांत होते. कलम कितीही चांगलं लिहिलेलं असो, भीतीच्या दिवसांत ते उघडून वाचणारा माणूस लागतो. खन्नांनी ते वाचलं. पुढे सरन्यायाधीशपद त्यांच्या हातून गेलं.

मार्च 1977 ते आज

पुढचं भराभर बघा. मिसाखाली येरवड्यात राहिलेल्या रामभाऊ म्हाळगींना ठाणे मतदारसंघ लोकसभेवर पाठवतो. 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती ठरवते की आणीबाणीतही जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क स्थगित होणार नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड वडिलांचा 1976 चा तो निकाल चुकीचा ठरवतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेचं सुप्रीम कोर्टही कोरेमात्सूचा निकाल चूक होता असं सांगतं. एक्केचाळीस वर्षं इथे, चौऱ्याहत्तर तिथे. अलीकडच्या निकालांत आपलं सुप्रीम कोर्ट अटकेची कारणं लेखी द्यायला लावतंय.

तरी आज देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे आहेत, खटला संपायची वाट बघणारे. कागदावर कारण मिळालं, तारीख मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 म्हणतं की फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर सहसा त्याला जामिनावर सोडावं. पण आतल्या माणसाला हे सांगणार कोण?

ठाण्याच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत तुमच्या पुढे एक बाई उभ्या आहेत, मुलाचे कपडे घेऊन. विचारा त्यांना: “ताई, कलम कुठलं लागलंय? किती महिने झाले?” आणि वकील परवडत नसेल, तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा म्हणावं. वकील फुकट मिळतो.