कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावे : दाट वस्ती आणि पुलांवरची वाट

तमिळनाडूतील तंजावर जिल्हा हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा गाभा मानला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २४,०५,८९० असून त्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोक खेड्यांत राहतात. जिल्ह्यात ५८९ ग्रामपंचायती आहेत. दर चौरस किलोमीटरला सुमारे ७०० माणसे, म्हणजे देशाच्या त्या वेळच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट, अशी येथील दाटी आहे. मात्र २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ टक्क्यांनीच वाढली. राज्याची वाढ १५.६ टक्के होती. दर हजार पुरुषांमागे १,०३५ स्त्रिया आहेत. गावातल्या स्त्रीला शेतावर, बाजारात वा दवाखान्यात कसे पोहोचता येते, हा प्रश्न म्हणूनच येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रदेश सपाट असला तरी वाट सरळ नाही. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते आणि तिच्या शाखा पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने पसरतात. भातखाचरे सखल भागात, तर वस्ती नदीकाठच्या उंचवट्यावर, अशी गावांची रचना दिसते. नदीचा बांध हाच अनेक ठिकाणी रस्ता असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणे सोपे, पण उत्तर-दक्षिण जायचे तर पूल हवा. तिरुवैयारू या नावाचा अर्थच ‘पाच नद्यांचे पवित्र स्थान’ असा आहे. तंजावरहून तेथे जाताना जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी ओलांडावी लागते. पलीकडच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते; पूल दूर असला, तर पायांना ते लांबचेच असते.

या वाटांचा मराठी इतिहासाशीही संबंध आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेल्यावरही छत्रे आपल्या हाती राहावीत, असा या राजांचा आग्रह होता. तमिळमधील ‘चत्तिरम’ आणि मराठीतील ‘अन्नछत्र’ हे एकाच घराण्यातील शब्द होत.

रेल्वे येथे लवकर आली. नागपट्टणम ते तंजावर हा मार्ग १८६१ मध्ये सुरू झाला. परंतु आडमार्गांच्या वाट्याला दीर्घ प्रतीक्षा आली. तिरुवारूर–पट्टुक्कोट्टै–कारैकुडी हा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी २०१२ मध्ये बंद झाला आणि त्यावरून पूर्ण वाहतूक सुरू व्हायला २०१९ उजाडले. तेव्हाही फाटकांवर पुरेसे कर्मचारी नव्हते. गाडीतूनच आलेला कर्मचारी खाली उतरून फाटक लावी, गाडी पुढे गेली की उघडी आणि पुन्हा गाडीत चढे. सुमारे दीडशे किलोमीटरांच्या प्रवासाला त्यामुळे पाच-सहा तास लागत.

खेड्यांचा खरा आधार बसचाच. कुंभकोणम येथे १९७२ मध्ये ‘चोळन’ परिवहन महामंडळ स्थापन झाले. आजच्या राज्य परिवहन महामंडळाचा कुंभकोणम विभाग त्यातूनच घडला. मोठी बस बांधावरच्या अरुंद रस्त्याने आत जाऊ शकत नाही, म्हणून १९९७ मध्ये राज्यात खासगी मिनी बस योजना आली. २०२१ मध्ये सरकारी साध्या नगर बसमधून स्त्रियांना विनामूल्य प्रवास सुरू झाला. सुधारित मिनी बस योजनेचा प्रारंभ जून २०२५ मध्ये तंजावर येथेच करण्यात आला.

वाट अडली म्हणजे काय होते, हे नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने दाखवून दिले. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागांत असंख्य नारळाची झाडे उन्मळून रस्त्यांवर पडली, विजेचे खांब कोसळले. अनेक गावांत मदत पोहोचण्यापूर्वी ग्रामस्थांनाच कोयते-कुऱ्हाडी घेऊन आपला रस्ता मोकळा करावा लागला.