बेकारीचे मापन : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

बेकारीचे मापन : काम करण्याची क्षमता व इच्छा असूनही प्रचलित वेतनावर ज्यास काम मिळत नाही, अशा प्रौढ व्यक्तीस बेकार म्हणतात. श्रमशक्तीतील अशा व्यक्तींचे शेकडा प्रमाण म्हणजे बेकारीचा दर होय. शिक्षण घेणारे, केवळ घरकाम करणारे व काम न शोधणारे श्रमशक्तीत मोडत नाहीत. व्याख्या सोपी असली, तरी तिचा वापर करणे कठीण ठरते. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ही अडचण स्पष्ट दिसते.

१८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) ठाण्याची वागळे वसाहत व पुढे डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांबरोबरच मुंबईत रोज नोकरीस जाणाऱ्यांची वस्तीही वाढली. कुटुंबांच्या पाहणीत व्यक्तीची नोंद राहत्या ठिकाणी होते. त्यामुळे मुंबईतील नोकरी गेली, तरी बेकारी डोंबिवलीत नोंदली जाते.

प्रारंभी सेवायोजन कार्यालयांतील नोंदी हेच मुख्य साधन होते. ही कार्यालये १९४५ मध्ये सैन्यातून मुक्त झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी निघाली. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा त्यांना कळविणे सक्तीचे झाले. तथापि नोंदणी ऐच्छिक असल्याने अनेक बेकार नोंदीबाहेर राहत, तर अधिक चांगल्या नोकरीच्या अपेक्षेने नोकरदार व विद्यार्थीही नाव घालीत. अशा नोंदींवरून बेकारांची खरी संख्या काढणे शक्य नव्हते.

मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञ समितीने १९७० मध्ये असे मत मांडले, की स्वयंरोजगार व हंगामी काम यांचे प्राबल्य असलेल्या अर्थव्यवस्थेत बेकारीचा एकच आकडा दिशाभूल करील. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सत्ताविसाव्या फेरीत (१९७२-७३) तीन निकष योजण्यात आले. सामान्य स्थितीत वर्षभरातील कामाचा, साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवसांचा, तर दैनिक स्थितीत त्याच सात दिवसांतील प्रत्येक अर्ध्या दिवसाचा विचार होतो. आठवड्यात एक तास काम केलेली व्यक्ती साप्ताहिक निकषाने रोजगारीत धरली जाते. सकाळी नाक्यावर उभा राहून आठवड्यात दोनच दिवस काम मिळालेला मजूर त्या निकषाने बेकार ठरत नाही; त्याचे उरलेले बेकार दिवस दैनिक निकषातच दिसतात.

हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नोकरीशी संबंध टिकून असेपर्यंत संपकरी बेकार मानला जात नाही. नोकरी गेल्यावर त्याने भाजीची पाटी घेतली, तरी तो रोजगारीतच राहतो. उत्पन्न व सुरक्षितता यांतील घट बेकारीच्या दरात उमटत नाही. घरी पापड लाटणारी वा शिवणकाम करणारी स्त्री तर पुष्कळदा स्वतःच ‘काम करीत नाही’ असे सांगते आणि गणनेबाहेर राहते. राज कृष्ण यांनी १९७३ मध्ये वेळ, उत्पन्न, इच्छा व उत्पादकता असे चार निकष सुचविले, ते या उणिवा लक्षात घेऊनच.

२०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती पाहणी सुरू झाली. तिच्यानुसार २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटात देशातील बेकारीचा दर सामान्य स्थितीनुसार ३·२ टक्के, तर साप्ताहिक स्थितीनुसार ४·९ टक्के होता. देश, वर्ष व लोक तेच असून निकष बदलताच दर दीडपट झाला. २०२५ पासून मासिक अंदाजही प्रसिद्ध होऊ लागले. मात्र राष्ट्रीय वा राज्य पातळीवरील सरासरी एखाद्या शहरास जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून कोणताही दर वाचताना तो कोणत्या निकषाचा, कोणत्या कालावधीचा व कोणत्या वयोगटाचा आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.