शाळा कोणाची?

‘जिल्हा परिषदेची शाळा’ असे आपण सहज म्हणतो. त्यातल्या ‘ची’ या प्रत्ययाकडे कोणी लक्ष देत नाही. जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे मला तो प्रत्यय खुपतो. शाळा नक्की कोणाची?

गावच्या शाळेसाठी पैसा आधी शेतकऱ्याने दिला. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. त्यातला एक तृतीयांश शाळांना, बाकीचा रस्त्यांसारख्या कामांना. पट्टी भरणाऱ्याला मात्र विचारत कोण होते? शेतकऱ्याच्या करावर वरच्या वर्गाची मुले शिकतात, ही तक्रार महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडली.

1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. 1947 च्या कायद्यात जिल्ह्याचे स्कूल बोर्ड राहिले, पण प्रशासन अधिकारी सरकारने नेमलेला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. शिक्षण समिती आली, सभापती आपल्यातलाच. पगार मात्र राज्याच्या अनुदानातून. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!

जवळचा कारभार नेहमी चांगलाच असतो, असे मी म्हणणार नाही. बदल्यांच्या दिवसांत पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. 2017 च्या शासन निर्णयानंतर बदल्या संगणकावर गेल्या, तेव्हा ज्यांचा कोणी वाली नव्हता, त्यांना हायसे वाटले.

पण सगळेच लांबून ठरवून कसे चालेल? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. आणि सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले ते वरून! आमच्या वणीपासून सुरगाण्याकडे गेलात तर डोंगरात पाडे विखुरलेले दिसतील. तिथे वीसचा पट येणार कुठून? पावसाळ्यात ओहोळ भरला की सहा वर्षांचे पोर पलीकडच्या शाळेत कसे जाणार, हे पुण्या-मुंबईच्या कचेरीतून दिसत नाही. त्याच्या आईला ते रोज दिसते.

बदली कोणाची कुठे व्हावी, हे खुशाल लांबून ठरू दे, त्यात निःपक्षपातीपणा तरी राहील. पण शाळा राहावी की जावी, हे त्या आईला विचारल्याशिवाय ठरू नये. एका आण्याच्या पट्टीपासून तिची तेवढी बाकी निघते.