बांधावरची पाहणी

सरकारी दप्तराचा एक मोठा दोष असा आहे कीं, तें नेहमीं व्यवस्थित दिसतें. जमीन, पीक, सारा यांचीं कोष्टकें बरोबर जुळतात. परंतु तीं शेताशीं जुळतात कीं नाहीं, हें बांधावर गेल्यावांचून कळत नाहीं. हा धडा महाराष्ट्रानें एकदां फार महाग किंमत देऊन घेतलेला आहे.

पेशवाई बुडाल्यावर पुणें प्रांतांत प्रिंगल या अधिकाऱ्यानें १८२४ ते १८२८ या काळांत जमिनींची मोजणी केली. उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें उरेल, त्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असें त्याचें गणित होतें. गणित सुंदर होतें. पण त्यास लागणारे आंकडे हाताखालच्या लोकांनीं आणलेले, आणि त्यांत चुका व लबाडी भरलेली. १८३० मध्यें नवे दर लागू होतांच सारा थकूं लागला. इंदापूर तालुक्यांत पुष्कळ जमीन ओसाड पडली, आणि कित्येक कुटुंबें गांव सोडून गेलीं.

१८३५ सालीं गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे याच इंदापुरांत फिरले. निव्वळ उत्पन्नाचें गणित त्यांनीं सोडूनच दिलें. जमिनीचा रंग, मातीची खोली, चुनखडी, उतार, पाणथळपणा, हीं डोळ्यांना दिसणारीं लक्षणें धरून त्यांनीं प्रतवारी ठरविली. उत्तम जमीन सोळा आणे, आणि तेथून उतरत एकूण नऊ प्रती. कारकुनांनीं लावलेली प्रत वरचा अधिकारी कांहीं शेतांत स्वतः जाऊन तपाशी. दर उतरविले, ते तीस वर्षें कायम केले, आणि ओसाड जमीन पुन्हां नांगराखालीं आली.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर हीच पद्धत तिकडे नेण्यांत आली. पैनगंगेच्या अलीकडचा केळापूर तालुका तेव्हां वणी जिल्ह्यांत होता; १९०५ पासून त्या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. एका बाजूस कपाशीची काळी जमीन, दुसऱ्या बाजूस गोंड-कोलामांच्या वस्तीचें रान, असा हा मुलूख. इंदापूरच्या माळावर शिकलेला धडा येथें जसाच्या तसा लागू पडणें शक्यच नव्हतें. माती तेथलीच पाहावी लागणार.

या साहेबांस आम्ही रयतेचे कैवारी म्हणत नाहीं. सारा भरपूर यावा, हाच त्यांच्या सरकारचा हेतु. शिवाय एकदां पाहिलें म्हणजे कायमचें पाहिलें, असेंही नाहीं. इंदापूरची मुदत संपल्यावर १८६७ सालीं अमेरिकेंतील युद्धानें चढलेल्या भावांचा आधार घेऊन सारा एकदम वाढविला. भाव उतरले, सारा मात्र तसाच राहिला. १८७५ सालीं सुप्यास सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होय. मातीची खोली मोजणाऱ्या काठीनें कर्जाची खोली मोजली जात नाहीं.

यवतमाळच्या शेतकऱ्यावरील कर्जाचें ओझें आणि त्यापायीं झालेल्या आत्महत्या आज साऱ्या देशास ठाऊक आहेत. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भांत आले, आणि सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. असे दौरे व्हावेत. पण दौऱ्यास आधीं वर्दी जाते, रस्ते झाडले जातात, आणि दाखवावयाचें तेवढेंच दाखविलें जातें. केळापूरच्या शेतकऱ्याचें नशीब तलाठ्याच्या पंचनाम्यावर आणि गांवाच्या पैसेवारीवर ठरतें. ती पन्नासाच्या आंत कीं बाहेर, यावर टंचाईच्या सवलती अवलंबून. तो आंकडा जेथें जन्मतो, त्या बुडालेल्या पिकांत वरच्या अधिकाऱ्यानें वर्दी न देतां तासभर उभें राहावें, एवढीच आमची मागणी आहे.