इतिहासाच्या तासाला वळणाऱ्या माना

सुरमा घातलेला, मांस फाडून खाणारा पडद्यावरचा क्रूर सुलतान वर्गातही येऊन बसतो. अफजलखानाचा धडा सुरू झाला की माना मुसलमान मुलाकडे वळतात. पण १६५९ साली प्रतापगडावर शिवरायांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. १६६५ साली औरंगजेबाची फौज घेऊन पुरंदरावर चालून आले ते मिर्झाराजे जयसिंग. निष्ठा तेव्हा धर्माच्या रेघेवर वाटलेल्या नव्हत्या. मग औरंगजेबाने देवळे पाडली, ते झाकायचे का? मुळीच नाही, ते शिकवावेच. मात्र बादशहाच्या कृत्याचा जाब दहा वर्षांच्या पोराने का द्यावा? मान खाली घालून बसलेले मूल प्रश्न विचारायचे सोडते आणि तिथेच त्याचे शिक्षण थांबते.